नंबर : एका शब्दाचा सातबारा

१/
मंडळी, आजचा धागा एका शब्दाविषयी आहे. शब्द इंग्रजी, पण तो उच्चारताना आपण परकी भाषा बोलतो आहोत असे कोणालाही वाटत नाही. दवाखान्यात आपण ‘नंबर लावतो’, परीक्षेत ‘नंबर काढतो’, चष्म्याचा ‘नंबर वाढतो’ आणि लपवाछपवीचा पैसा ‘दोन नंबरचा’ असतो. गेल्या जवळजवळ दोन शतकांत या शब्दाने मराठी मुलखात काय काय केले, ते पाहू.

२/
आरंभ घोडेगावपासून करू. आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव नव्हे, तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले. या भागातला शेतकरी सहज बोलून जातो, ‘खालच्या नंबरात ऊस आहे, वरच्या नंबरात कांदा.’ येथे नंबर म्हणजे आकडा नव्हे, क्रमही नव्हे. येथे नंबर म्हणजे शेत. त्यात पेरता येते, त्याला पाणी देता येते आणि त्यावरून भाऊबंदांत भांडणही जुंपते. इंग्रजीत या शब्दाचे पुष्कळ अर्थ आहेत, पण नांगरता येण्याजोगा अर्थ त्याला आपल्याकडे मिळाला.

३/
हे कसे घडले? इंग्रजांपूर्वी जमीन मोजली जात नव्हती असे मुळीच नाही. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर, असे कोष्टक दख्खनेत रूढ होते. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबराने घालून दिलेल्या महसूलपद्धतीची आठवण पुढे पेशवाईपर्यंत टिकून राहिली. परंतु शेताची ओळख आकड्याने होत नसे, ती नावाने होई. चिंचेचा मळा, वड्याकडची पट्टी, पांढरीमागचे टेकाड, किंवा ज्या घराण्याचे थळ त्या घराण्याचे नाव. हे नाव गावाला ठाऊक असे आणि तेवढे पुरे असे.

४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या राज्यकर्त्यांना महसूल हवा होता, पण गावाच्या स्मरणावर विसंबून राहणे त्यांना परवडणारे नव्हते. पुणे प्रांतात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर आधारलेली आकारणी करून पाहिली. कागदावर ती मोठी शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, आकार जड ठरला आणि अनेक ठिकाणी कुणब्यांनी जमिनी सोडल्या. प्रयोग फसला.

५/
त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली आणि १८३६ पासून तेथे ३० वर्षांच्या मुदतीचा सारा लागू झाला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली. तिचा मूळ घटक होता ‘सर्व्हे नंबर’. त्याचा आकार ठरवताना लावलेला निकष ध्यानात ठेवा, कारण शेवटी आपल्याला पुन्हा त्याच्याकडेच यायचे आहे. एका बैलजोडीला कसता येईल एवढे क्षेत्र, तो एक नंबर. म्हणजे या नंबराचे माप बैलाने ठरवले होते.

६/
मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आण्यांचे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण गुंठ्यांत बोलतो, ते या साखळीच्या हिशेबाने. हद्दीवर दगड रोवले गेले, नकाशे काढले गेले आणि प्रत्येक तुकड्याला आकडा मिळाला. सर्व्हे नंबरांमधल्या हद्दीच्या बांधाला आजही गावाकडे ‘नंबरी बांध’ म्हणतात. दोन भावांमधला बांध उद्या मोडता येतो. नंबरी बांध मात्र सरकारी असतो.

७/
या आकड्याने शेतकऱ्याला काय दिले? एक स्थिर हक्क दिला. सारा भरत राहिले तर जमीन कोणी काढून घेणार नाही, ती वारसांकडे जाईल, विकताही येईल. धोकाही तेथेच होता. जी वस्तू विकता येते, ती गहाणही टाकता येते. सावकाराला आता चिंचेचा मळा नेमका कोठे आहे हे गावाला विचारण्याचे कारण उरले नाही. खतावर नंबर लिहिला की पुरे.

८/
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे दंगा उसळला आणि त्याचे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याची फेरआकारणी झाली होती, न्यायालये सावकाराला अनुकूल ठरत होती. दंगेकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते हिसकावून ती जाळणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. आपली जमीन मातीत जितकी आहे तितकीच कागदावर आहे, हे त्यांना पुरते उमगले होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे सरकारचे त्यावरचे उत्तर.

९/
आता थोडे भाषेकडे वळू. इंग्रजीत या शब्दाचा एक मुख्य अर्थ संख्या, म्हणजे ‘किती’ हा आहे. मराठीने नेमका तोच अर्थ घेतला नाही. ‘वर्गात मुलांचा नंबर चाळीस आहे’ असे आपण कधीही म्हणत नाही. तेथे संख्या किंवा आकडा हेच शब्द टिकले. आपण ‘नंबर’ घेतला तो ‘कितवा’ आणि ‘कोणता’ या अर्थांनी. माझ्या मते याचे कारण असे की हा शब्द आपल्या बोलण्यात अंकगणितापेक्षा दप्तराच्या वाटेने अधिक आला. दप्तरात नंबर मोजत नाही, तो ओळख पटवतो.

१०/
या दृष्टीने पाहिले की बाकीचे अर्थ एका माळेत बसतात. दवाखान्यातला नंबर म्हणजे पाळी. शाळेतला नंबर म्हणजे मान. ‘तुझा नंबर दे’ म्हणजे संपर्काची खूण. ‘एक नंबर!’ ही शाबासकी. ‘दोन नंबर’ म्हणजे जे दप्तरात नाही ते; दप्तराबाहेरच्या गोष्टीलाही दप्तराचाच शब्द लागावा, ही गंमत. चष्म्याचा नंबर हा एक अपवाद. तेथे खरोखरच काहीतरी मोजले जाते.

११/
कधी कधी तर नंबर हा शब्दही गळून पडतो आणि आकडाच नाम बनतो. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झाला ‘सातबारा’. नमुना ८-अ झाला ‘आठ अ’. मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी हवे असेल तर शेतकरी ‘सात नंबर’ अर्ज भरतो. तो सात आणि सातबाऱ्यातला सात यांचा परस्परांशी संबंध नाही, तरी कोणाचाही घोटाळा होत नाही. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी सभेत उठते तेव्हा ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

१२/
१९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. जेथे एकत्रीकरणाची योजना अमलात आली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन ‘गट नंबर’ आले. या उलथापालथीत काही ठिकाणी कागद एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे अशी स्थिती झाली. रामाच्या नावावरचा गट शामा कसतो आणि शामाचा रामा. अशा वादांत पिढ्या झिजल्या. २०२३ च्या जानेवारीत राज्य सरकारने ‘सलोखा’ योजना आणली. १२ वर्षे एकमेकांच्या जमिनीचा ताबा असलेल्या शेतकऱ्यांना १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून परस्परांत अदलाबदल करण्याची ही सोय. एका आकड्याची चूक निस्तरायला लागलेला काळ पाहा.

१३/
आता पुन्हा घोडेगावच्या बाजाराकडे. जनावरांच्या बाजारात वय दातांवरून ठरते, आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला असे. घरी बैलाला नाव असते, सर्जा किंवा ढवळ्या. आता त्याच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर १२ अंकी नंबर. १ जून २०२४ पासून राज्यात या बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. लसीकरण, रोगनियंत्रण आणि चोरीला आळा यांसाठी त्याचा उपयोग उघड आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थबकावेसे वाटते. १८३६ मध्ये बैलजोडीने नंबराचे माप ठरवले होते. आज नंबर नसेल तर तोच बैल बाजारात उभा राहू शकत नाही.

१४/
नंबर वाईट, असा याचा निष्कर्ष नाही. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्या वाटेकऱ्याला विचारा. पीक बुडाले तर भरपाईच्या यादीत त्याला जागा मिळणे किती कठीण असते. दप्तरात नसणे ही फार मोठी गैरसोय आहे. परंतु नंबर मिळाला की नाव मागे पडते, हेही तितकेच खरे. गट नंबर दप्तरात सुरक्षित राहील. चिंचेचा मळा मात्र कोणाच्याही दप्तरात नाही, तो केवळ जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे.

१५/
म्हणून एक विनंती. या सुट्टीत गावी गेलात तर आजी-आजोबांना आपल्या प्रत्येक नंबराचे जुने नाव विचारा आणि सातबाऱ्याच्या प्रतीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. ते नाव कसे पडले हेही विचारा. मिळालेली नावे येथे खाली जरूर लिहा, म्हणजे आपल्या सर्वांच्या संग्रही राहतील.