दारावरची पाटी आणि दवाखान्याचा केसपेपर

तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत शिकत असेल, तर तिथल्या विद्यापीठांतल्या ‘एलजीबीटीक्यू सेंटर’बद्दल तुम्ही ऐकलं असेल. यातला ‘टी’ म्हणजे ट्रान्सजेंडर: जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि आतून जाणवणारी ओळख ज्यांची जुळत नाही, अशा व्यक्ती. या अक्षराला तिथे जागा मिळायला बराच काळ गेला. त्याचा आरोग्याशीही जवळचा संबंध आहे.

१९७१ मध्ये मिशिगन विद्यापीठात असं कार्यालय सुरू झालं, ते समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी. तेव्हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत समलैंगिकताही होती! १९७३ मध्ये ती वगळण्याचा निर्णय झाला. मात्र १९८० च्या यादीत ‘ट्रान्ससेक्शुअॅलिझम’ हे निदान नव्याने आलं. एकाचा शिक्का पुसला, दुसऱ्यावर बसला.

१९९० च्या दशकात अनेक सेंटरच्या पाटीवर ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द आला. १९९६ मध्ये आयोवा विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात लिंगओळखीचा समावेश केला. पण पाटी बदलली म्हणून दिवस सोपा होत नाही. हजेरीपटावर जुनं नाव, होस्टेलची खोली, स्वच्छतागृह या रोजच्या अडचणी उरल्याच. त्यामुळे पुढे सेंटरना या गोष्टींसाठी विद्यापीठाशी बोलावं लागलं.

स्वच्छतागृहाचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. पण अपमानाच्या भीतीने माणूस पाणी कमी पितो, लघवी तुंबवून ठेवतो. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात ३२ टक्के ट्रान्सजेंडर व्यक्तींनी स्वच्छतागृह टाळण्यासाठी खाणंपिणं कमी केल्याचं सांगितलं. दवाखान्यात सर्वांसमोर जुन्या नावाने हाक मारली गेली, तर तो रुग्ण पुढच्या वेळी येईलच असं नाही. मग साधा आजारही अंगावर काढला जातो.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला. म्हणजे ट्रान्सजेंडर असणं हा आजार नाही. आजार होतो तो लपण्यातून आणि टाळण्यातून.

तेव्हा तुमच्या मुलाने किंवा मुलीने असं काही सांगितलं, तर आधी शांतपणे ऐकून घ्या. कोणत्या नावाने हाक मारू, हे विचारा. आणि लघवीला जळजळ, ताप किंवा कंबरेत दुखत असेल, तर संकोच न करता लगेच डॉक्टरांकडे पाठवा.