कोकमाची एल आणि मोहाची दारू

पुण्यात कोकम घातलेली रेड एल चाखली. लाल रंग भाजलेल्या माल्टचा, आंबटपणा कोकमाचा. चांगली होती, महागही. पण मी परतवाड्याचा, डोकं लगेच मेळघाटात गेलं.

तिथं कोरकू लोक उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात, मग भट्टीवर गाळतात. बिअर गाळत नाहीत, म्हणून ती सौम्य. बाकी यीस्टचं काम दोन्हीकडे तेच: साखर खाऊन अल्कोहोल करायचं. मग एक ‘क्राफ्ट’ अन् दुसरी ‘हातभट्टी’ काऊन?

माझ्या मते मूळ महसुलात आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने घरचं गाळप मोडून परवान्याच्या डिस्टिलऱ्यांकडे वळवलं. 1892 च्या मोहरा कायद्याने तर फुलांवरच बंधनं आणली. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता, पण 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे आपल्याकडेही आला.

गंमत म्हणजे सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मोहाची दारू गाळायची सूट आहे. कोरकू दोन्हीकडे राहतात. सोयरिकी सीमेपलीकडे होतात, लग्नातली दारू मात्र अलीकडे गुन्हा.