उत्तर लिहावें कसें?
जॉन हॉलंड यांनीं १९७५ सालीं उत्क्रांतीचें तत्त्व संगणकासाठीं ग्रंथरूपानें मांडिलें: उत्तरें शून्य-एकांच्या माळांत लिहावीं, माळा तोडून जोडाव्या, सरस संतति राखावी.

परंतु हिंदमातेच्या कापडबाजारांतून माल पोंचविणारा गडी घ्या. एक क्रम परळ, लालबाग, दादर, गिरगांव. दुसरा गिरगांव, दादर, परळ, लालबाग. पहिल्याचा पूर्वार्ध व दुसऱ्याचा उत्तरार्ध जोडतांच परळ-लालबाग दोनदां आलीं; दादर-गिरगांवचीं गिऱ्हाइकें वाट पाहात राहिलीं!

स्थळांच्या क्रमासाठीं १९८५ सालीं लॉरेन्स डेव्हिस यांनीं निराळी रीत दिली: एकाचा तुकडा राखावा, उरलेलीं स्थळें दुसऱ्याच्या क्रमानें भरावीं. मग कोणी सुटत नाहीं. तात्पर्य, लेखनाची रीत चुकली, तर उत्क्रांतीहि व्यर्थच.