घनमीटरभर लाकूड, पोकळीसकट

सरपण विकत घेणाऱ्याला खरे तर हवी असते आच. पण आच काही वखारीत मोजून मिळत नाही. तिच्याऐवजी दुसरे काहीतरी मोजावे लागते. आपल्याकडे वखारीतला मोठा काटा लाकडाचे वजन करतो. फ्रान्समध्ये मात्र शतकानुशतके जळाऊ लाकूड तोलले नाही, रचून मोजले.

अठराव्या शतकातले पॅरिस लाकडाच्या आचेवर जगत होते. हे लाकूड बरेचसे मोर्व्हाँच्या डोंगराळ जंगलातून पाण्यावाटे येई. ओंडके ओढ्यांत सोडून देत, पुढे त्यांचे तराफे बांधत, आणि योन व सीन या नद्यांतून ते पॅरिसच्या धक्क्याला लागत. असे भिजलेले लाकूड वजनावर विकले असते तर गिऱ्हाइकाने पाण्याचेही पैसे मोजले असते. रचून मोजण्यात निदान एवढा तरी फायदा होता.

या मापाचे नाव ‘कोर्द’, म्हणजे दोरी. १६६९ च्या राजाज्ञेने ते ठरवून दिले : ढीग ८ फूट लांब, ४ फूट उंच आणि प्रत्येक ओंडका साडेतीन फूट लांबीचा. म्हणजे ११२ घनफूट. (हा फ्रेंच राजाचा फूट, सुमारे ३२.५ सेंटिमीटरचा. आपल्या पट्टीवरचा नव्हे.) पण ही झाली सरकारी कोर्द. प्रांतोप्रांतीच्या कोर्दी वेगळ्याच होत्या.

मग क्रांती झाली. १७९४-९५ चा हिवाळा भयंकर कडक होता. पॅरिसमध्ये पाव आणि जळण दोन्हींची टंचाई. १ एप्रिल १७९५ रोजी भुकेला जमाव थेट प्रतिनिधिसभेत घुसला. त्यानंतर सहाच दिवसांनी, ७ एप्रिलला, याच सभेने मेट्रिक मापांचा कायदा केला. त्यात मीटर, लिटर, ग्रॅम यांच्या पंक्तीला ‘स्तेर’ नावाचे एक माप बसले. स्तेर म्हणजे एक घनमीटर, आणि ते ठेवले होते मुख्यतः जळाऊ लाकडासाठी. शास्त्रशुद्ध मापांच्या यादीत सरपणाला स्वतंत्र जागा मिळाली, हे आम्हांला फार बोलके वाटते.

पण लाकूडतोडे जुन्याच लांबीचे, म्हणजे सुमारे १.१४ मीटरचे ओंडके पाडत. मग स्तेर भरायचा कसा? ढिगाची रुंदी १ मीटर ठेवली तर उंची १ मीटर नव्हे, ८८ सेंटिमीटर हवी. गुणाकार करून पाहा. हा गुणाकार ज्याला येत नाही, त्याच्या पदरात मीटरभर उंचीची अपेक्षा आणि भांडण, एवढेच पडणार.

याहून मोठी अडचण वेगळीच. ‘स्तेर’ हे नाव घेतले ते ‘घन, भरीव’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि ढीग तर भरीव नसतो! सारख्या जाडीचे गोल ओंडके बरोबर एकावर एक ठेवले तर लाकूड असते ७८.५ टक्के, बाकी पोकळी. वरचा ओंडका खालच्या दोघांच्या खाचेत बसवला तर लाकूड जवळजवळ ९१ टक्के होते. गंमत म्हणजे जाडीचा याच्याशी संबंध नाही. चौरसात वर्तुळ काढून मुलांना हे फळ्यावरच दाखवता येईल. मात्र खऱ्या ओंडक्यांना बाक असतो, गाठी असतात. त्यामुळे ढिगात लाकूड बहुधा ६० ते ७५ टक्केच भरते. रचणारा विक्रेता असेल तर वाकडी लाकडे ढिगाच्या मधोमध जातात, हे सांगायला नकोच.

तेच लाकूड तोडून आखूड केले तर? तुकडा जितका आखूड तितका बाक कमी, आणि ढीग दाट. मीटरभर लांबीच्या ओंडक्यांचा एक स्तेर अर्ध्या मीटरच्या तुकड्यांनी रचला, की सुमारे ०.८ घनमीटरच भरतो. ३३ सेंटिमीटरच्या तुकड्यांनी ०.७. लाकूड तेवढेच, कुणी चोरले नाही, तरी ढीग खाली बसतो. वाकड्या काटक्या खोक्यात भरून, मग मोडून पुन्हा भरल्या की वर्गातही हे दिसेल. १९७७ नंतर फ्रान्सने स्तेरला कायदेशीर मापांतून वगळले. खेड्यापाड्यांतल्या बोलण्यातून तो गेला नाही.

मग आपली वखार बरी? १९५६ चा कायदा झाला आणि १९५८ पासून मण-शेर जाऊन किलो येऊ लागला. पोकळीला वजन नसते, म्हणून काट्यावर रचनेची लबाडी चालत नाही. पण पाणी चालते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. चांगल्या वाळलेल्यात पंधरा-वीस टक्के. क्विंटलभर ओल्या लाकडात खरे लाकूड ५० किलो, वाळलेल्यात ८०. शिवाय ओल्यातले पाणी वाफ होऊन जाताना आचेतलाच वाटा घेऊन जाते. हिशेब मांडला तर ओल्या क्विंटलातून चुलीला मिळणारी उष्णता वाळलेल्याच्या जेमतेम ५५ टक्के निघते. काट्यावर दोन्ही क्विंटल सारखेच.