माहितीची पर्याप्तता

माहितीची पर्याप्तता (डेटा सफिशिअन्सी) : प्रवेश व भरती परीक्षांतील गणिती प्रश्नांचा एक प्रकार. एक प्रश्न आणि त्याखाली बहुधा दोन विधाने दिलेली असतात. उत्तर काढायचे नसते. ते काढायला दिलेली माहिती पुरते की नाही, एवढेच ठरवायचे असते.

परीक्षा : जीमॅटमध्ये हा प्रकार पूर्वी गणिताच्या विभागात होता, नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात तो ‘डेटा इनसाइट्स’ विभागात (२० प्रश्न, ४५ मिनिटे) आला. कॅट आणि बँक भरतीच्या परीक्षांतही तो आढळतो. बारामतीतील अनेकांत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमध्ये एमबीएचा अभ्यासक्रम चालतो. अशा प्रवेशांसाठी बारामती-इंदापूरचे विद्यार्थी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा देतात. तिच्या २०० प्रश्नांना १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद मिळतात. त्यामुळे अनावश्यक आकडेमोड टाळणे हाच मोठा फायदा ठरतो.

पर्याय : सर्वसाधारणपणे पाच असतात : फक्त पहिले विधान पुरेसे, फक्त दुसरे पुरेसे, दोन्ही एकत्र लागतात, कोणतेही एक पुरते, दोन्ही मिळूनही अपुरी. पर्यायांचा क्रम परीक्षेनुसार बदलतो.

रीत : आधी प्रश्नाला काय हवे ते नक्की करावे. मग पहिले विधान एकटे तपासावे. ते बाजूला ठेवून दुसरे एकटे तपासावे. दोन्ही स्वतंत्रपणे अपुरी ठरली, तरच ती एकत्र घ्यावीत. उत्तर एकमेव निघाले तरच माहिती पुरेशी. ‘आहे का?’ अशा प्रश्नाला ठाम ‘नाही’ मिळाले, तरीही ती पुरेशीच.

उदाहरण १ : एका साखर कारखान्याने हंगामात किती ऊस गाळला? (१) साखर ९ लाख क्विंटल निघाली. (२) सरासरी उतारा ११.२५ टक्के होता. साखरेच्या पोत्यांवरून उतारा कळत नाही आणि उताऱ्यावरून गाळप कळत नाही. दोन्ही मिळून मात्र गाळप ८० लाख क्विंटल, म्हणजे ८ लाख टन ठरते. परीक्षेत हा भागाकार करण्याचीही गरज नाही.

उदाहरण २ : इंदापूरच्या एका बागायतदाराने डाळिंबे ३ व १० किलोच्या पेट्यांत भरली, दोन्ही प्रकारच्या पेट्या वापरल्या आणि सगळ्या पूर्ण भरल्या. मोठ्या पेट्या किती? (१) एकूण माल २९ किलो. (२) एकूण पेट्या ५. दोन अज्ञात संख्या दिसल्या की दोन समीकरणे हवीत, या सवयीने अनेक जण दोन्ही विधाने घेतात. पण पेट्या पूर्णांकातच मोजल्या जातात. मोठी पेटी एक धरली तर १९ किलो उरतात, ते ३ च्या पटीत नाहीत. दोन धरल्या तर ९ किलो उरतात, म्हणजे लहान पेट्या तीन. तिसरी मोठी पेटी २९ किलोंत बसतच नाही. उत्तर एकच निघते, म्हणून पहिले विधान एकटे पुरेसे आहे. दुसरे एकटे अपुरे आहे, कारण पाच पेट्यांची वाटणी चार प्रकारे होते.

नेहमीच्या चुका : पहिल्या विधानातील माहिती नकळत दुसऱ्यात मिसळणे; वर्गसमीकरणाची ऋण किंमत विसरणे (क्ष² = ४९ असल्यास क्ष ७ किंवा –७); आकृती प्रमाणबद्ध आहे असे मानणे; आणि संख्या पूर्णांक किंवा धन आहे, असे प्रश्नात नसताना गृहीत धरणे.