कोल्हापुरातली मिथिला

हलू नका. तुमच्या हातातल्या बांबूच्या टोकाला मायक्रोफोन टांगलाय. तो वीतभर सरकला तरी सीतेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येईल. साल 1933, गाव कोल्हापूर, जागा प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ. पंख्यांची घरघर आवाजाच्या पट्टीवर उमटते म्हणून पंखे बंद केलेत. दिव्यांची धग मात्र कोण बंद करणार? घाम भुवईवरून डोळ्यात उतरतोय आणि दोन्ही हात बांबूत अडकलेत.

"दादा, बांबू खाली आलाय न्हवं," मागून दिवेवाला कुजबुजतो.

समोर मिथिला उभी आहे. लाकूड, गोणपाट, त्यावर प्लास्टर, त्यावर रंग. खांबाला टेकलात तर पाठ रंगेल. पण या मिथिलेत कुणी मराठी बोलत नाही. चित्रपटाचं नाव 'सीता कल्याणम्'. कल्याणम् म्हणजे लग्न, एवढं तमिळ तुम्ही पहिल्याच दिवशी शिकलात. पुढचं शिकायची गरज पडली नाही, कारण बालकांड सगळ्यांना पाठ आहे. राम धनुष्याकडे कधी वळणार, हे सेटवरच्या सुतारालाही भाषेवाचून कळतं. दिग्दर्शक आपले बाबूराव पेंढारकर. 'अयोध्येचा राजा'तला गंगानाथ तुम्ही गेल्या वर्षी थेटरात पाहिलाय. आज तोच माणूस तमिळ रामाला उभं कुठे राहायचं ते दाखवतोय.

ही मंडळी मद्रासहून इतक्या लांब का आली? कारण मद्रासेत बोलपट काढण्याजोगा स्टुडिओच नाही. तो पुढच्या वर्षी उभा राहील. तोवर तमिळ बोलपटांना मुंबई, कलकत्ता नाहीतर आपलं कोल्हापूर. दोन वर्षांपूर्वीचा 'कालिदास' मुंबईत इंपीरियल स्टुडिओमध्ये झाला. त्यात नायिका तमिळ बोलते, नायक तेलुगू, आणि दोघांचं प्रेम व्यवस्थित जमतं.

राम चौदा वर्षांचा आहे. नाव राजम्, मैलापूरच्या वकील सुंदरम् अय्यरांचा मुलगा. सीता त्याची सख्खी बहीण जयलक्ष्मी. वडीलही चित्रपटात आहेत. जवळजवळ सगळं घरच मुक्कामाला आलंय. "भाऊ-बहीण आणि राम-सीता?" ही कुजबुज तुमच्याही कानावर आली असेल. चित्रपट लागल्यावर तिकडची कर्मठ मंडळी हीच कुरकुर करणार आहेत. बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून डोळे पुसणाऱ्या आपल्या लोकांनी यात पडू नये, असं माझं मत. नाटकात नातं पात्रांचं असतं, नटांचं नसतं.

राजम् गायला लागतो.

पार्श्वगायन यायला अजून दोन वर्षं आहेत. तेव्हा जो दिसतो तोच गातो, आणि तेही आत्ताच, कॅमेरा चालू असताना. साथीदार चौकटीबाहेर, खांबाआड दाटीवाटीने बसलेत. फिडल खांबाच्या फार जवळ आलं तर रामाचा आवाज बुडतो, फार मागे गेलं तर रामच बेसूर होतो. सकाळपासून निम्मा वेळ साथीदारांना हातभर पुढे, हातभर मागे सरकवण्यातच गेला. शब्द आणि चाली पापनाशम् शिवन् यांच्या. त्यांचंही हे सिनेमातलं पहिलंच काम. या मुलाचे ते गुरू, त्यामुळे चाल त्याच्या गळ्यात आधीच बसलेली आहे.

तुमचा कान अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात वाढलेला. सूर लागला की तो ठाम उभा राहावा, ही तुमची सवय. हा सूर उभाच राहत नाही. झोपाळ्यावर बसलेल्या मुलासारखा मागे-पुढे जातो आणि प्रत्येक वेळी पाय नेमक्या फरशीला लावतो. आधी चुकल्यासारखं वाटतं, मग कळतं की चूक आपल्या ऐकण्यात होती. तसे आपण या गाण्याला अगदी परकेही नाही. शिवन् तंजावरच्या मुलखातले, आणि तिथल्या हरिकथेत मराठी कीर्तनकारांनी नेलेली साकी आणि दिंडी केव्हाच मुरली आहे.

कुठेतरी टांग्याची घंटा वाजते. आवाजाच्या खोलीतून हात वर होतो. थांबा! फिल्म वाया. सगळं पहिल्यापासून.

दुपारनंतर मिथिला बाजूला सारतात. आता रावणाचा दरबार आहे. गाणं-बजावणं मांडायचंय, आणि वादकांत एक सहा वर्षांचं पोर बसलंय. राजम्‌चा धाकटा भाऊ बालचंदर. हातात खंजिरी, तिला घोरपडीचं कातडं. तळहाताएवढ्या त्या कातड्यातून तो घुमारा काढतो आणि दिवेवाला दिवा सोडून बघत राहतो. मोठेपणी हा वीणा वाजवील, चित्रपटही काढील. 1954 साली तो 'अंद नाळ' दिग्दर्शित करील, आणि त्या तमिळ चित्रपटात एकही गाणं नसेल. गाण्याशिवाय तमिळ बोलपट निघूच शकत नाही, असं आज या दरबारात बसलेला रावणसुद्धा शपथेवर सांगेल. थोरला राम पुढे चित्रकार होणार आहे. कर्नाटक संगीतातल्या त्यागराज, दीक्षितर आणि श्यामा शास्त्रींचे चेहरे लोक त्याच्याच चित्रांवरून ओळखतील. त्यातलं तुम्हाला आत्ता काहीही सांगता येणार नाही. तोंड उघडलंत तर आवाज पट्टीवर येईल.

दिव्यांच्या धगीने खंजिरीचं कातडं ताणलंय, आवाज चढलाय. पोराने थाप मारून पाहिली, नाक मुरडलं. आता कुणी मोठा माणूस येऊन काही करील म्हणून सगळे थांबलेत. त्याने मात्र शेजारच्या भांड्यात बोटं बुडवली, कातड्याच्या आतून पाणी फिरवलं, पुन्हा थाप मारली. अजून नाही. आणखी दोन थेंब. पुन्हा थाप.

मग त्याने मान वर करून तुमच्या बांबूच्या टोकाकडे पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. तुम्ही माइक थोडा खाली घेतलात.