राष्ट्राध्यक्षांच्या रेघोट्या: केनेडींच्या बैठक-टिपणांचे जतन

अमेरिकेचे ३५वे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी (कार्यकाळ १९६१ ते १९६३) यांना बैठकीतील चर्चा ऐकता ऐकता हाताखालच्या कागदावर शब्द टिपण्याची, तोच शब्द पुनःपुन्हा लिहिण्याची, त्याभोवती चौकटी आखण्याची आणि मधूनच शिडाच्या होड्या काढण्याची सवय होती. त्यांची सचिव एव्हलिन लिंकन हे कागद गोळा करून जपून ठेवत असे, म्हणूनच ते केराच्या टोपलीत न जाता बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात पोहोचले. १९७९ मध्ये खुले झालेले हे ग्रंथालय वस्तुतः अभिलेखागार, म्हणजे शासकीय व खासगी मूळ कागदपत्रांचे संग्रहस्थान आहे.

या कागदांचे मोल ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबा पेचप्रसंगाच्या संदर्भात विशेष जाणवते. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे बसवण्यास घेतल्याचे १६ ऑक्टोबरला केनेडींना कळले आणि पुढील काही दिवस निवडक सल्लागारांच्या समितीत हवाई हल्ला करावा की सागरी नाकेबंदी, यावर खल चालला. त्या बैठकांतील कागदांवर ‘क्षेपणास्त्र’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वारंवार उमटलेला दिसतो. मात्र अशा रेघोट्यांवरून मनाचा ठाव घेऊ पाहणे धोक्याचे आहे, कारण सुटा कागद लिहिणाऱ्याची भीती सांगतो की निव्वळ एकाग्रता, हे ठरवता येत नाही. केनेडींनी १९६२च्या उन्हाळ्यात बसवून घेतलेल्या गुप्त यंत्रणेने या बैठकांचे ध्वनिमुद्रण केले होते, व त्याच्या शेजारी ठेवूनच हा कागद पुरावा म्हणून वाचता येतो.

अशा तुलनेसाठी कागद एका ठिकाणी, मूळ संदर्भासह आणि सर्वांना खुले राहणे आवश्यक असते. परंतु त्या काळी राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे त्यांची खासगी मालमत्ता मानली जात, आणि ती शासनाकडे सोपवणे हा स्वेच्छेचा भाग होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथे १९४१ मध्ये खुल्या झालेल्या ग्रंथालयाद्वारे हा पायंडा पाडला, १९५५च्या कायद्याने त्याला चौकट दिली, आणि १९७८च्या कायद्याने २० जानेवारी १९८१पासूनच्या राष्ट्राध्यक्षांचे कामकाजविषयक कागद जनतेच्या मालकीचे ठरवले. सत्ताधाऱ्याने निर्णय कसा घेतला हे तपासण्याचा नागरिकांचा अधिकार एखाद्या सचिवाच्या दक्षतेवर किंवा वारसांच्या औदार्यावर अवलंबून राहू नये, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. आणि लोकशाहीत अभिलेखांचे खरे प्रयोजन तेच आहे.